कच्चा पाव

प्रशिक्षण होतं बंबाच्या शेडमध्ये.
बंब बाहेर काढून ठेवला रस्त्यावर,
त्याच्या जागी बावीस खुर्च्या, गोलात,
आणि मधोमध तेलाचा जुना डाग
ज्याच्यावर कुणी पाय ठेवेना.

आम्ही कुणीच पगारी नाही.
वालपराइसोच्या या टेकडीवर भोंगा वाजला की
शिंपी सुई कॉलरला टोचतो,
मास्तर खडू खिशात घालतो,
मी बसच्या पोटाखालून सरपटत बाहेर येते
आणि एलेओदोरो भट्टीचं दार ढकलून धावतो,
हातांना पीठ तसंच.

कन्सेप्सिओनहून मिरेया आली होती शिकवायला.
वीस वर्षं अँब्युलन्समध्ये काढलेली,
अजूनही बसते ती दाराजवळच.
म्हणाली, "जोड्या करा. तीन मिनिटं एकाने बोलायचं.
दुसऱ्याने उपाय सांगायचा नाही,
'माझंही तसंच' म्हणायचं नाही,
पाठ थोपटायची नाही."
"मग उरतं काय?" शिंपी पुटपुटला.
"तेच बघायचंय," ती म्हणाली.

माझ्या वाट्याला एलेओदोरो.
पहिलं मिनिट त्याने नळीच्या जोडावर घालवलं:
वायसर झिजलाय, महिनाभर सांगतोय.
दुसऱ्या मिनिटात काहीच नाही.
नियम मला पाठ होते,
तरी तोंडून निघून गेलंच,
"मार्चपासून तुझा पाव कच्चा येतोय."

सगळ्या टेकडीला माहीत होतं.
संध्याकाळच्या चहाला तो फिका पाव
आम्ही घरोघरी तव्यावर पुन्हा टाकत होतो,
लोणी जास्त लावत होतो,
आणि तो भेटला की विचारत होतो, बरा आहेस ना.
तो म्हणायचा, बराय.
याला आम्ही माया समजत होतो.

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.
"वरच्या गल्लीतलं घर. तू नळीवर होतीस.
आत मी गेलो.
टेबलावर चार पाव होते, कोळसा झालेले,
पण आकार तसाच. मधली खाचसुद्धा,
माझ्या तळहाताच्या कडेची. मी ओळखतो.
सकाळी मीच दिले होते एर्सिलियाबाईंना.
वर म्हणालो होतो, आज मस्त भाजलेत."

मिरेया म्हणाली, वेळ संपली.
मग त्याच्याकडे बघून, "चुकलं माझं. चालू दे."

"मला भाजता येत नाही आता," तो म्हणाला.
"रंग चढायला लागला की दार उघडतो."

माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.
इंजिन असतं तर कान लावला असता.
मी कान लावला.

शेवटी प्रमाणपत्रं वाटली.
माझ्या नावाचं यास्नाऐवजी हास्ना झालंय.

गुरुवारी पहाटे चारला बेकरीच्या मागच्या दाराशी मी.
"तू काय करणार इथे?"
"बसणार."
पावातलं मला काही कळत नाही. धूर कळतो,
काळा की निळा, कुठे काय जळतंय.
त्याचा हात भट्टीच्या कडीवर.
"अजून?" त्याने विचारलं.
"अजून," मी म्हणाले.
"अजून?"
"अजून."
कशाच्या आधारावर म्हणत होते, देव जाणे.
अख्खं ताट करपलं.

तो बाहेर पायरीवर जाऊन बसला, पाठमोरा.
खाली बंदरात एक जहाज ओरडलं
आणि दोघेही अर्धे उठलो,
मग कळलं, आपला भोंगा नव्हे.
करपलेले पाव कुत्र्यांनी गरमच खाल्ले.
त्यांची काही हरकत नव्हती.

दुसरं ताट घालताना त्याने मला सरक म्हटलं नाही.
कडा लाल झाल्या, मध्य पांढराच राहिला.
विकला तोच.

आठ वाजता शिंपी परत आला, अर्धा पाव हातात घेऊन,
आणि सगळ्यांदेखत म्हणाला,
"अरे, हा आतून कच्चा आहे."
एलेओदोरोने पिशवी खाली ठेवली,
हात पुसले, आणि म्हणाला,
"हो. सांग."