बियाण्याच्या खोलीत

छातीवर पट्टी: विद्यार्थी दूत.
खाली माझं नाव, सफूरा सिद्दी,
त्यातला एक द छापखान्यानं गिळलेला.
सूचनांचा कागद आदल्या दिवशीच मिळाला होता:
हसतमुख राहावे. माहिती थोडक्यात द्यावी.
भिंतीला टेकू नये, रंग ओला आहे.

ही खोली पूर्वी बियाण्याची.
आता दारावर आफ्रिकी संस्कृती केंद्र,
आत सहा खुर्च्या, एक नकाशा,
नेकेसाच्या आईनं पाठवलेली टोपली,
आणि कितीही झाडा,
फरशीच्या फटीतून निघतच राहणारा भाताचा कोंडा.

नेकेसा बुंगोमाची. शेतीशास्त्र, दुसरं वर्ष.
सुगीत जन्मली म्हणून नेकेसा.
मी राजपुरीची.
दापोलीला येताना दोन खाड्या ओलांडते,
आधी दिघीची जेट्टी, मग बागमांडल्याची,
फेरीबोटीत मोटरसायकलींच्या मधे उभी राहून.
सरांना वाटलं, दोघी शोभतात एकमेकींना.
पहिल्या दिवशी तिला वाटलं, मी तिची भाषा बोलेन.
मला वाटलं, ती मला काहीतरी सांगेल.
मग आम्ही कँटीनमधला वडापाव खाल्ला.
तिला तिखट लागला.
मलाही.

आज आंजर्ल्याची शाळा आली, सत्तेचाळीस मुलं.
गुरुजी मला म्हणाले, "बाळ, तुझ्या भाषेत
दोन शब्द बोलून दाखव यांना."
"काय बोलू, गुरुजी?"
ते जरा थांबले.
"नाही, म्हणजे तुझ्या... मूळच्या."

मूळ.
बाबा राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी नेतात,
पाहुण्यांना किल्ला दाखवतात.
बुरूज, तोफा, गोड्या पाण्याचा तलाव,
सगळं तोंडपाठ, विनोदांसकट.
कोणी विचारलंच, "तुम्ही मूळचे कुठले हो?"
तर म्हणतात, "ह्या होडीतला,"
आणि शिडाची दोरी ओढतात.
माझ्याकडे दोरी नव्हती.
मी नकाशाकडे वळले.

एका मुलानं समुद्रावर वीत ठेवली.
"एवढाच?"
"एवढाच," मी म्हटलं.
कोण विकत आणलेलं, कोण चाकरीला आलेलं,
कोण तलवार घेऊन,
आणि आमच्या घरात मोजायला सुरुवात कोणापासून करायची
हे कुणालाच ठाऊक नाही,
हे थोडक्यात कसं द्यायचं?

नेकेसानं टोपलीतून मूठ भरून काढली,
उघडली.
"नाचणी!" सगळी ओरडली.
"आमच्याकडे विम्बी," ती म्हणाली, तिच्या सावकाश मराठीत.
"तुमच्याकडे ती आमच्याकडूनच आली. खूप जुनी गोष्ट."
मुलांना ते पटलं नाही.
नाचणी त्यांच्या आजोळच्या वरकसावरची.

विम्बी म्हणजे लाटसुद्धा.
हे मला कर्द्याच्या किनाऱ्यावर कळलं.
तिनं समुद्र तोवर फक्त पुस्तकात पाहिलेला.
पाण्यात गुडघाभर उभी राहून ती म्हणत होती, विम्बी, विम्बी,
आणि मी मागून ओरडत होते,
अगं, भाकरी मिळेल वर हॉटेलात, चल!

निघताना एकानं तिच्या वेण्या ओढल्या आणि पळाला.
बाकीचे हसले. गुरुजी चपला मोजत होते.
त्या वेण्या घालायला रविवारची अख्खी दुपार लागली होती,
मी आरसा धरून बसले होते.
नेकेसा हसतमुख राहिली.
कागदात तसंच होतं.
मी भिंतीला टेकले.

रांग गेली. एक मुलगी मागे राहिलेली,
दोन रिबिनी, एक सुटलेली.
माझ्याकडे पाहत, पट्टीकडे नाही, म्हणाली,
"ताई, तुमच्या पाठीला रंग लागलाय."
मग, "पाण्याचा नळ कुठाय?"

"मागं, फणसाखाली," मी म्हटलं.
"तोटी उलटी फिरते, नीट बघ.
थांब,
मीच येते."