दंत्यलोप

कुताइसीत, रिओनीच्या पुलाअलीकडे
ओतिया कवळ्या बनवायचा.
दिवसा मेण, प्लास्टर, परक्यांचे जबडे;
रात्री हिशेबाच्या वहीत, मागच्या पानापासून,
एक भाषा. तीन हजार वर्षं जुनी,
गेल्या हिवाळ्यात सुरू केलेली.

स्वर चारच. डोंगरात थंडी फार,
तोंड किती उघडणार माणसं.
व्यंजनं मात्र पोतंभर:
घशाला कुलूप घालून फोडायचा क,
दाढेखाली आक्रोड यावा तसा ट,
आणि च दोन,
एक चारमधला, एक चाकातला.
ओष्ठ्य वर्ण नाहीतच. ओठ म्हणे
त्यांचे बारा महिने फुटलेले.
मक्याची भाकरी उलथत त्सिआला म्हणाली,
मग बाळांनी बापाला हाक कशी मारायची?
तिकडे बाप म्हणजे मामा, आई म्हणजे देदा.
शाई वाळायच्या आत त्यानं म घेतला.

फेब्रुवारीत तिचं अर्धं तोंड
झोपेतच खाली उतरलं.
जीभ दातांपर्यंत पोचेना.
ओतियाचा झाला ओइया,
त्सिआला इआला,
आणि कधीच गेलेली देदा, नुसती
एआ.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सराव. आरशासमोर.
बातुमीहून लेक फोनवर, दर शब्दाला,
काय? काय म्हणालीस?

अख्ख्या गावाला त, द, स
मापानुसार बसवून दिलेला माणूस
स्वयंपाकघरात नुसता उभा राहायचा,
हाताला प्लास्टर वाळलेलं.

मग एका रात्री वही काढून लिहिलं:
नियम एकेचाळीस.
उत्तरकाळात दंत्य वर्ण सर्वत्र लोपले.
अपवाद नाही.

पुढं अडीच महिने खोडरबर.
शब्दकोशातलं मीठ बदललं, नदी बदलली,
चाकातला च गेला,
जुळे शब्द इतके झाले की
दार आणि दुपार एकच.
चालायचंच, तो म्हणाला, जिवंत भाषेत होतं असं.

परवा तो तिला पान वाचून दाखवत होता.
सवयीनं मध्येच एक त निघाला.
तिनं चांगल्या हातानं
चमचा बशीवर आपटला.
त्यानं वर पाहिलं.
तिनं घशाला कुलूप घालून
एक लख्ख क फोडला,
आणि बोट ठेवलं ओळीवर,
पुन्हा.