खोडायचं नाही

काथ्याची चटई अंथरायला चार पोरं लागायची
आणि पाचवे टर्नीमास्तर,
ओणवे, तोंडात खिळे धरून.
म्हणून सामन्याआधी ते कुणाशी बोलत नसत.
मी वही घेऊन चिंचेखाली.
आडनावच टिपणीस, तेव्हा ते काम दुसऱ्या कुणी मागितलं नाही,
आणि चष्म्यामुळे मला संघात कुणी.

खरं नाव टियर्नी. छावणीतल्या वाण्यानं
उधारीच्या वहीत टर्नी लिहिलं, तेच इंदूरभर झालं.
गणित शिकवायचे. मराठी आमच्यासारखीच, अर्धी हिंदी,
शिव्या मात्र तिसऱ्याच कुठल्या भाषेत,
जिच्यात देव आणि मेंढ्या एकाच दमात येत असाव्यात.

सातवी ब. फळ्यावर उदाहरण:
एक फलंदाज दोन तास पन्नास मिनिटांत सतरा धावा करतो,
तर शेवटी काय उरतं?
आम्ही त्रैराशिक मांडलं.
गद्र्यांचा विश्राम उठला, म्हणाला, धावेला दहा मिनिटं, सर.
"हिशेब बरोबर. पण मी ते विचारलं नव्हतं.
सामना उरतो."
आणि डस्टर हाताशी असताना बाहीनं फळा पुसला.

हे डब्लिनला घडलं होतं, ओल्या गवतावर,
डोक्यावर देशाची टोपी असताना, एकदाच.
पुढच्या सामन्याला त्यांना बोलावणं आलं नाही.
मला कळलं फार उशिरा.
तेव्हा वाटलं, पुस्तकातलंच असेल,
हौदाच्या दोन तोट्यांसारखं.

वही लिहायला त्यांनीच शिकवलं.
टिंब म्हणजे काही घडलं नाही असं नव्हे,
कुणीतरी धावत आला आणि कुणीतरी त्याला अडवलं.
चुकलास तर रबर घ्यायचं नाही.
एक रेघ मार, वर बरोबर लिही,
खालची चूक वाचता आली पाहिजे.
माझं खोडरबर त्यांच्या कोटाच्या खिशात गेलं
ते गेलंच.

बेचाळीसची दिवाळी सरली होती.
महूच्या पलटणीचा संघ लॉरीतून उतरला
आणि आमचे सात जण आलेच नाहीत.
मी विचारलं, सर, गैरहजर लिहू?
हातोडी थांबली.
"गैरहजर नाही. लिही, खेळले नाहीत."
मग बऱ्याच वेळानं, तोंडातले खिळे काढून, चटईकडेच बघत:
"आमचा डेनिसही एका शनिवारी खेळायला आला नाही."
पुढे काही नाही.
वाकलेला एक खिळा दगडावर ठेवून ठोकत राहिले,
सरळ झाल्यावरही.

चौघे आणि मास्तर, एकतीसला डाव आटोपला.
ते पान माझ्याकडे आहे.
शेवटच्या ओळीत टिंबंच टिंबं, मुंग्या गेल्यासारखी,
आणि टोकाला: टर्नी, नाबाद नऊ.
पलटणीतला कुणी टाळ्या वाजवत होता, म्हणून मी वर पाहिलं
आणि एक चेंडू माझा टिपायचा राहिला.
तिथे रेघ आहे.

गेले एकसष्टच्या थंडीत, शाळेच्याच खोलीत.
आम्ही वर्गणी काढली. रेसिडेन्सीकडच्या दफनभूमीत दगड बसला,
नाव नीट, तारखा नीट,
आणि खाली: जन्म कॉर्क, इंग्लंड.
मी समितीला सांगितलं.
तिकडेच कुठेतरी ना भिया, म्हणाले,
आता पुन्हा दगड म्हणजे पुन्हा पैसे.

मी एकोणऐंशीचा.
मोसम सुरू झाला की सिटी बसनं जातो, खिशात खडू.
इंग्लंडवर एक रेघ मारतो, पातळ, आडवी.
वर आयर्लंड.
ओलं फडकं घेऊन माळी येतो, मी त्याला नको म्हणतो.
आषाढात ते आपोआप जातं,
कोरलेलं तेवढं राहतं.

गुडघ्यांवर हात ठेवून तिथून उठायला
मला हल्ली दहा मिनिटं लागतात.