पंचवीस मिलिमीटर

चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये
माझी चार बोटं आरामात मावायची.
गाडी लाल, दोन दारांची, बारा वर्षं जुनी,
आधी सांगलीच्या एका दंतवैद्याची, आता माझी.
रस्त्यात उभी केली की दिसायची
विजार गुडघ्यापर्यंत खोचून
पाण्यातून चाललेल्या माणसासारखी.

उद्यमनगरात नजीर मणेर.
लिफ्ट नाही, खड्डा आहे, वर पत्रा,
शेजारचं लेथ दिवसभर एकाच सुरात कण्हतं.
म्हटलं, चाळीस मिलिमीटर खाली घ्या.
तो खड्ड्यातूनच बोलला,
"स्प्रिंगा कापायच्या असतील तर पलीकडच्या गल्लीत जावा.
ग्राइंडर हाय त्यांच्याकडं. दहा मिनटात बसती गाडी.
मग उठत न्हाई."

मी खोकं पुढं केलं. नवा सेट,
आट्यांवर चकती फिरवून वर-खाली होणारा,
दोन दिवाळ्यांचा बोनस त्यात.
त्यानं एक स्प्रिंग हातात तोलली.
"आखूड हाय, म्हणून कडक. दबायला जागाच कमी हिला."
मला आमच्या फौंड्रीतले सुपरवायझर आठवले.
बोललो नाही.

"रोज कोण बसतं गाडीत?"
मी.
"आणि?"
सकाळी शर्वरी, तिचं दप्तर.
सोमवारी आणि गुरुवारी आई,
राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, व्यायामाला.
"गुडघे?"
एक बदललाय. एक बदलायचाय.

नजीर वर आला. हात पुसले.
टेप घेतला, आणि गाडीला लावलाच नाही;
स्वतःचं स्टूल मोजलं,
मग सीटची कड जमिनीपासून.
"फोन लावा त्यास्नी."
आईनं आधी विचारलं, कोण तू?
मग दोघं दहा मिनटं बोलत राहिले,
कॉट किती उंच, उठताना कुठं धरता,
त्याच्या अम्मीला कुठलं तेल लागू पडलं.
मी स्प्रिंग धरून उभा,
दुसऱ्याच्या लग्नात समई सांभाळणाऱ्यासारखा.

"पंचवीस," तो म्हणाला, आणि खड्ड्यात उतरला.
मी म्हटलं, तीस तरी.
खालून फक्त पान्याचा आवाज.

आता मला कळंब्यापासून शिरोलीपर्यंतचे
सगळे गतिरोधक पाठ आहेत.
कुठला रंगवलेला, कुठला नुसताच उगवलेला,
कुठल्याच्या डाव्या कडेला घासून गेलेली फट आहे.
मी तिरका घेतो, एकेक चाक,
मांजर कुंपणावरून उतरतं तसा.
मागून कुणीतरी बोंबलतं,
"ओ शेट, उचलून न्या की!"
हंगामात ट्रॉलीतून ऊस सांडतो.
एकदा शिये फाट्यावर एक कांडं पोटाखाली खरडत गेलं,
आणि पुढचा अर्धा किलोमीटर
सायलेन्सरवर रस भाजल्याचा वास,
गाडीत बसल्या जागी गुऱ्हाळ.

पंधरा दिवसांनी नजीरनं परत बोलावलं.
स्प्रिंगा अजून दोन मिलिमीटर बसल्या होत्या.
चाकं पुन्हा सरळ केली, पैसे घेतले नाहीत,
"आईस्नी विचारलं म्हणून सांगा."
दोन बोटं जातात आता. तिसरं नखापाशी अडतं.
वळणावर गाडी झुकत नाही,
रंकाळ्याच्या कडेनं जाते ती
रेघ ओढल्यासारखी.
खड्डा मात्र थेट मणक्याला भेटतो,
मधे कुणाची चिठ्ठी नको.

गुरुवारी आई फोनवर शिकवलं होतं तशी बसली,
आधी बूड, मग एक पाय, मग दुसरा, हातानं उचलून.
आठव्या गल्लीत पोहोचेपर्यंत गप्प.
मग म्हणाली, एवढं खाली कशासाठी केलंस?
मी म्हटलं, दिसायला.
समोर दुकानाची काच होती,
काचेत लाल गाडी, जमिनीला धरून, आत आम्ही दोघं.
तिनं बराच वेळ पाहिलं.
"बरी दिसती," म्हणाली.
"आता मला बाहेर काढ."