सारखं पाणी

नेझाने जाताना विजेच्या बिलामागे लिहून ठेवलं होतं,
पेन्सिलीने, घाईत, अर्धी ओळ घडीत गेलेली:
जिरेनियमला ऊन. फुशियाला नको.
जिरेनियमला विसरलास तरी चालेल.
फुशियाला विसरू नकोस.

मग ती ग्राझला लेकीकडे गेली, खुब्याचा सांधा बदलून घ्यायला,
आणि तिच्या घराची किल्ली माझ्या खिशात
माझ्याच किल्लीला घासून वाजू लागली.

ऑगस्टमध्ये सोपं होतं.
दक्षिणेच्या सज्जात जिरेनियम,
लाल, निबर, उन्हाला तोंड वर करून उत्तर देणारा.
पान गोल, लवदार, मधोमध तपकिरी नालाचा ठसा.
चुरडलं की बोटांना वास,
लिंबाचा म्हणावा तर थोडा गंजलेल्या कडीचा,
जेवताना पावालाही लागायचा.
सुकलेला तुरा तो स्वतः टाकत नाही,
देठापासून मोडावा लागतो, कट्‌कन.
पंधरवड्यात नवा येतो.

उत्तरेच्या दारापाशी, पागोळ्यांच्या ओलीत, फुशिया.
माना खाली घातलेले डूल,
बाहेर गुलाबी, आत जांभळे.
भुंगा उलटा लटकून आत शिरायचा
आणि डूल हलत राहायचा, कुणाच्या तरी कानात असल्यासारखा.
माती जरा कोरडी की दुपारीच अख्खी मलूल,
डबाभर पाणी घातलं की संध्याकाळी काही झालंच नाही असा आव.
फुलं आपणहून गाळते, पण मागे काळसर बोरं धरते.
तीही खुडायची,
नाहीतर झाड म्हणतं, झालं माझं काम.

तळ्यावर धुकं बसायला लागलं तेव्हा दोघांना तळघरात नेलं,
बटाट्यांशेजारी, आंबवलेल्या कोबीच्या पिंपापाशी.
पानं गळाली.
दोन कुंड्या, दोन्हींत काड्या.
कोण कुठलं, ओळखू येईना.
बिल तोवर शेगडी पेटवताना गेलं असावं.
म्हटलं, भेदभाव नको.
दर रविवारी चर्चहून येताना दोघांना एकेक पेला.
काठोकाठ, मोजून.
मला त्या पेल्याचा थोडा अभिमानही वाटायचा.

चाळीस वर्षं टपाल वाटलं मी या खोऱ्यात.
एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात कधी टाकलं नाही.
हे तळघरात आठवलं नाही.

एप्रिलमध्ये नेझा काठी टेकत पायऱ्या उतरली.
मी हात पुढे केला, तिने घेतला नाही.
एक काडी नखाने खरवडली, आत हिरवी रेघ.
दुसरी तिच्या चिमटीत मऊ आली,
बुडापासून काळी.
तिने बोटं नाकाशी नेली.
"जिरेनियम," म्हणाली. "वास आहे अजून."

मी पेल्याचं सांगितलं. रविवारचं. मोजून दिल्याचं.
"त्याला फक्त विसरायचं होतं, स्लावको.
एवढंच तर काम होतं."

झाल्काच्या सज्जातून मी एक फांदी मागून आणली.
नेझाने ती गाठीखाली कापली,
खालची पानं काढली
आणि खिडकीत वर्तमानपत्रावर आडवी ठेवली.
लगेच मातीत नाही,
आधी जखम सुकू द्यायची म्हणे, रात्रभर.

त्या संध्याकाळी मी तीनदा त्या खिडकीवरून गेलो,
हातात पेला.
तिन्ही वेळा मीच प्यायलो.