प्रश्न क्रमांक चौदा

जिल्ह्याहून फॉर्म आला, तीन पानी, पिनेनं जोडलेला.
गुणवत्ता व रुग्णसुरक्षेच्या नव्या पद्धती
स्वीकारण्यास आपण तयार आहात काय?
अजिबात नाही, थोडेसे, सांगता येत नाही,
बऱ्यापैकी, पूर्णपणे.
एका चौकटीत खूण करा. बुधवारपर्यंत.

मुजावर फार्मासिस्टांनी उभ्या उभ्या
'पूर्णपणे'वर खूण मारली
आणि परत गोळ्या मोजायला लागले.
दुंडाप्पानं विचारलं, शिपायालाबी हाय का?
त्यालाही होता.
मी पेनाचं टोपण चावत बसले.

बावीस वर्षं झाली इथं,
जतच्या पुढं, जिथं एसटीचा कंडक्टर
थांब्यांची नावं कन्नडमध्ये ओरडतो.
बेसिनवर हात धुण्याची सहा चित्रं लावलीत.
नळाला पाणी सोमवारी, गुरुवारी.
बाकीचे दिवस दुंडाप्पा तांब्यानं ओततो,
चौथ्या चित्रापाशी तांब्या संपतो.
हे कुठल्या चौकटीत बसवू?

आणि तो लसींचा फ्रीज.
शेजारच्या केंद्रातल्या लोखंडे सिस्टरनं एकदा
तक्त्यावर खरा आकडा लिहिला, अकरा.
आठ दिवसांत कारणे दाखवा.
तेव्हापासून ह्या पट्ट्यात
लाईट नसलेल्या रात्रीही सगळे फ्रीज
चारवर असतात.

म्हणून हुक्केरी मॅडमनी नवी वही आणली,
वर लिहिलं, 'होता होता राहिलेल्या चुका',
म्हणाल्या, नाव घालू नका, नोटीस निघणार नाही,
तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.
तीन महिने वही कोरी.
मुखपृष्ठावर तेवढं चहाच्या ग्लासाचं वर्तुळ.

पण मला तारीखसुद्धा पाठ आहे.

गेल्या साली मार्चात, मंगळवार.
बाकावर दोन महादेवी.
महादेवी कोळी, तीन पोरांची, अंतराच्या सुईला आलेली.
महादेवी बिराजदार, सहा वर्षांनी दिवस राहिलेले,
धनुर्वाताच्या सुईला.
मी आतूनच हाक मारली, महादेवी!
दाराजवळ होती ती उठली.
बाही वर केली, तोंड फिरवलं.
तिचा दंड पुसला मी, व्यवस्थित, आतून बाहेर,
चित्रात दाखवल्यासारखा.
सुई बोटभर लांब असताना
ती लाजत म्हणाली, "ना बसुरी अदीन्री,"
आणि दोन बोटं दाखवली.
दुसरा महिना.

तेवढं कन्नड मला येतं.

म्हटलं, थांब बाई, सुई बदलते.
बदलली. टोचली. नोंद केली.
तिची पोरगी आता भिंत धरून चालते.
बाजारात भेटली की महादेवी दहा जणींना सांगते,
ही सिस्टर फार जपून करते हां.
मी भेंड्या निवडत राहते.

मंगळवारी रात्री ड्युटीला मी एकटीच होते.
फॉर्म एका बाजूला, वही एका बाजूला.
वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं:
नुसतं नाव पुकारलं. नवऱ्याचं विचारलं नाही,
गाव विचारलं नाही, कशाला आली ते
तिच्या तोंडून ऐकलं नाही.
बाई स्वतःहून बोलली म्हणून.
वाक्य पुरं होईना, तसंच सोडलं.
नाव घालायचं नव्हतं,
पण माझं अक्षर इथं कोण ओळखत नाही!

सकाळी ओपीडी भरली.
मी विचारत गेले प्रत्येकीला,
हेसरेनु? याव ऊरु? यदक्क बंदी?
रांग दारापर्यंत गेली.
एक म्हातारी करवादली, बावीस वर्षं बघतेस मला
आणि आज नाव विचारतेस?
विचारते, म्हटलं. सांगा.

मुजावरांनी मधल्या वेळेत वही उघडली.
वाचली. चष्मा काढून परत वाचली.
मग काही न बोलता कपाटाशी गेले,
सारख्याच निळ्या झाकणांच्या दोन खोक्यांतलं एक
वरच्या फळीवरून उचलून
अगदी खालच्या फळीवर ठेवलं.
मी विचारलं नाही, का.

चार वाजता जीप फॉर्म न्यायला आली.
माझी चौदाव्या प्रश्नाची चौकट कोरीच होती.
मुजावर टेबलाचे खण उघडत होते एकामागून एक,
दुंडाप्पाला विचारत होते,
व्हाइटनर कुठं ठेवलंय रे?