हात लावू नये

पुंता अरेनासला ऑक्टोबरात वारा असा सुटतो
की रस्त्याच्या कडेनं दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
यास्ना मिहोविलोविच दोर धरत धरतच आली,
इस्पितळाच्या तळघरात उतरली
आणि कानटोपी न काढताच खुर्ची ओढली.

दोन ते चार. एवढीच मुभा.
त्या दोन तासांत काय काय थांबलं तर चालेल
हे प्रशासनानं लेखी दिलंय;
यादी आखूड आहे.

चार यजमान: लोखंडाचे, खरे, तापणारे.
त्यांच्या पोटात त्रेचाळीस पाहुणे,
ज्यांना अंग नाही, वजन नाही,
पण प्रत्येकाला वाटतं, आपलं स्वतंत्र घर आहे.

एका यजमानाकडचे पाहुणे
झोप न मोडता शेजारी नेऊन निजवायचे
(क्ष-किरण तिकडे, रक्तपेढी इकडे,
पगारपत्रक मावेल तिथे),
रिकाम्या घराला ठिगळ लावायचं,
दिवा मालवून पुन्हा लावायचा,
मग पाहुणे परत.
त्यांना कळतही नाही.
फार तर घड्याळ एक क्षण अडखळतं.

त्यानंतर पाहुण्यांची आपापली ठिगळं.
ज्या भोकातून अजून कुणी आत आलेलं नाही
ते शिवत बसणं, हे काम सांगायला अवघड.
आई विचारते, रात्रभर काय केलंस?
काही झालं नाही, ती म्हणते,
आणि ते खरंच कौतुकानं म्हणते.

तीन वाजून सात. बेचाळीस उरकले.
राहिला एक.
नाव: जुना-२. काम: रकाना कोरा.
सलग चालू: दोन हजार दोनशे अकरा दिवस.
शेरा: हात लावू नये. — रुपेर्तो ओ.

तिनं आधी स्नॅपशॉट घेतला,
बिघडलंच तर या क्षणाशी परतता यावं म्हणून.
पॅच. रीबूट.
काळी स्क्रीन.
एक मिनिट. तीन. चार.

निवृत्त रुपेर्तो ओयार्सूननं पहिल्याच घंटेला उचलला.
झोपला नव्हतात?
वारा आहे ना, तो म्हणाला.
जुना-दोन काय करतो?
स्वयंपाकघराची यादी. पहाटे पाचला.
कुणाला मीठ नको, कुणाला साखर,
कुणाला पाणीसुद्धा नको.

मग हात का नाही लावायचा?

फोनमध्ये पत्रा वाजत राहिला.
मी एकदा बंद केला होता, तो म्हणाला.
उठेना.
शेवटी उठला, पण माझे हात
संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत.
भीती लिहायची लाज वाटली,
म्हणून हुकूम लिहिला.

किती वेळानं उठला होता?
अकरा मिनिटं. मोजली होती.
डिस्क चाचपत बसतो म्हातारा.

दोघांनी फोन ठेवला नाही.
सातव्या मिनिटाला तो छपराच्या खिळ्यांबद्दल बोलला.
नवव्याला कुणीच नाही.
अकरा झाली.
बारा.
तिचं बोट 'पूर्ववत करा'वर टेकलेलं,
दाबलेलं नाही.
तेराव्या मिनिटाला एक ओळ उमटली, मग दुसरी,
मग नाव विचारणारा साधा चौकोन.

आला, ती म्हणाली.
पलीकडे खुर्ची करकरली, बस.

तिनं शेरा पुसला. नवा लिहिला:
स्वयंपाकघर. उठायला तेरा मिनिटं घेतो. थांबा.
आणि स्वतःसाठी, कागदावर:
शुक्रवारी स्नॅपशॉट काढून टाकणे.
परतीची वाट फार दिवस उघडी ठेवली
तर ती फुगत जाते, घरातलीच जागा खाते.

पाचला वर प्रिंटर खरखरला.
खाट चौदा, मीठ नाही.
खाट सोळा, दात नाहीत, पातळ द्या.
एदेल्मिरानं कागद फाडून घेतला,
आला कसा, हे न विचारता;
ती चष्मा शोधत होती.